चौधरी करामत रसूल यांचा पक्षनिष्ठा निर्देशांक

बॉनमधल्या एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर मैत्रेयी देवस्थळी नावाची पुण्याची मुलगी साडेतीन वर्षं एका माणसाला एका ओळीत बसवण्याचा प्रयत्न करत होती. माणूस म्हणजे चौधरी करामत रसूल, पाकिस्तानच्या संसदेचे सदस्य, मतदारसंघ कोट नवाबाद. ओळ संस्थेच्या तक्त्यातली. त्या तक्त्यात जगभरच्या चार हजार दोनशे लोकप्रतिनिधींना प्रत्येकी एक ओळ दिलेली होती आणि चार हजार एकशे नव्व्याण्णव जण आपापल्या ओळीत मुकाट्याने बसले होते.

चौधरींची कारकीर्द तशी सरळ होती. १९९० पासून आठ निवडणुका, सात विजय, सहा पक्ष आणि एकदा अपक्ष. पराभव एकच, आणि तोही पक्षनिष्ठेमुळे. १९९७ साली ते लागोपाठ दुसऱ्यांदा एकाच पक्षाकडून उभे राहिले आणि पडले. ती चूक त्यांनी पुन्हा केली नाही. मधल्या काळात उमेदवार पदवीधर असावा अशी अट आली, तेव्हा अर्ज भरण्याच्या आदल्या आठवड्यात चौधरी पदवीधर झाले, आणि अट गेल्यावर त्यांनी पदवीचा विषय कधी काढला नाही. शेवटच्या निवडणुकीत ते वांगं या चिन्हावर अपक्ष निवडून आले आणि अकरा दिवस अपक्ष राहिले. एका मुलाखतीत त्यांनी हे अकरा दिवस आपल्या आयुष्यातला आध्यात्मिक काळ असल्याचं सांगितलं होतं. एवढ्या पस्तीस वर्षांत त्यांनी घर बदललं नाही, ड्रायव्हर बदलला नाही, फाटकाशेजारच्या भिंतीवर चिन्हं रंगवणारा रंगारीही बदलला नाही.

संस्थेकडे पक्षनिष्ठा मोजण्याचं एक सूत्र होतं. उत्तर शून्य ते दहामध्ये यायचं. चौधरींचं उत्तर उणे चार आलं.

मैत्रेयीच्या मार्गदर्शक प्राध्यापक विटकॉप्फ यांनी तो आकडा पुन्हा मोजून पाहिला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, की हे सात भाऊ तर नाहीत ना? मैत्रेयीने सातही शपथविधींचे फोटो दाखवले. सातही फोटोंत तोच माणूस होता, फक्त मिशा दर वेळी जास्त काळ्या होत गेल्या होत्या. तेव्हा बाई म्हणाल्या, "आल्झो, असं असेल तर मग हाच प्रबंध आहे." सगळा तक्ता बाजूला ठेवून या एकाच माणसावर लिही, असं त्यांनी सांगितलं. मुदत सप्टेंबरअखेरची. मैत्रेयीचा करार तेव्हाच संपत होता, आणि करार संपला की परदेशी नागरिक कार्यालयाकडून मिळालेला राहण्याचा परवानाही.

मे महिन्यात मैत्रेयीचे आईबाबा तीन महिन्यांसाठी बॉनला आले. बाबा, म्हणजे श्रीपाद देवस्थळी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. प्रबंधाचा विषय ऐकून त्यांना पहिल्यांदा वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन पाकिस्तानी माणसावर कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पण लेकीने जेवताना चौधरींच्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या आणि बाबांना चौधरींचा नाद लागला. फिरायला निघाले की ऱ्हाइनच्या काठावर भेटेल त्या मराठी माणसाला ते चौधरी ऐकवायचे. शनिवारी कोलोनच्या मराठी मंडळात त्यांनी पदवीचा किस्सा असा रंगवला, की सॉफ्टवेअर कंपन्यांतली शहाणी माणसं डोळे पुसत हसली. प्रत्येक किस्स्याच्या शेवटी बाबा म्हणायचे, "तिकडे हे असंच चालायचं." आणि मंडळी मान डोलवायची. आई, म्हणजे सुलेखाताई, एकदाच म्हणाल्या, "अहो, पुरे आता, त्या बिचाऱ्याला उचकी लागत असेल."

प्रबंध लिहून झाला आणि नियमाप्रमाणे श्रीयुत ब्रिंकमान यांच्याकडे गेला. ब्रिंकमान हे संस्थेचे गोपनीयता अधिकारी. त्यांच्या कामाला जर्मनीत डाटेनशुट्झ म्हणतात, म्हणजे माणसाच्या खासगी माहितीचं रक्षण. हा शब्द उच्चारला की खोलीतले लोक आपोआप आवाज खाली आणतात. ब्रिंकमान यांनी तीनशे पानं वाचली आणि मैत्रेयीला बोलावून घेतलं.

"माणसाचा पक्ष म्हणजे त्याचं राजकीय मत," ते म्हणाले. "राजकीय मत ही विशेष संरक्षित माहिती आहे."

"पण त्यांना राजकीय मत नाहीये," मैत्रेयी म्हणाली. "प्रबंध त्यावरच आहे."

ब्रिंकमान यांनी ते लिहून घेतलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. मग तसं त्यांच्याकडून लेखी आणा."

मैत्रेयीने कोट नवाबादला पत्र पाठवलं. सोबत दोन कागद जोडले. आपल्याला राजकीय मत नाही असं जाहीर करण्याचा एक आणि संशोधनाला संमती देण्याचा दुसरा. पहिल्या कागदाला उत्तर आलं नाही. संमती मात्र अकराव्या दिवशी शिक्क्यासह आली. चार दिवसांनी, बदलत्या परिस्थितीचा विचार करून ती मागे घेतल्याचं पत्र आलं. आणखी आठवड्याने, कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर आणि कोट नवाबादच्या विकासासाठी, संमती पुन्हा देत असल्याचं तिसरं पत्र आलं. ब्रिंकमान यांनी तिन्ही पत्रं एका फायलीत लावली. यातलं लागू कोणतं, हे ठरवण्यासाठी त्यांनी दोन दिवस कायद्याची पुस्तकं चाळली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असा संमतीदार भेटला नव्हता. शेवटी त्यांनी लेखी निर्णय दिला, की सदर व्यक्तीची संमती ही हवामानासारखी असून तिच्यावर विसंबता येत नाही. सबब प्रबंध निनावी करावा.

मैत्रेयीने नाव काढून 'उमेदवार क' केलं. ब्रिंकमान म्हणाले, गावावरून ओळख पटेल. गाव काढलं. मग चिन्हं काढली, कारण वांगं फार ठळक होतं. मग पक्षांची नावं, मग सनावळ्या. जूनच्या मध्यावर देशही गेला. त्या दिवशी मैत्रेयी पायऱ्यांवर बसून राहिली. साडेतीन वर्षं ज्याच्या मिशांचा रंगसुद्धा तिला पाठ होता, तो माणूस आता 'एका लोकशाही देशातला, प्रामुख्याने शेतीवर अवलंबून असलेल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी' झाला होता. तिला रडू आलं नाही, पण कोणी विचारलं असतं तर आलं असतं. विटकॉप्फबाई मात्र खूश होत्या. त्यांच्या मते देश गेल्यामुळे प्रबंधाला सिद्धांताची उंची आली होती.

उरली होती ओळखचाचणी. संस्थेबाहेरच्या, राजकारणाची आवड असलेल्या दहा प्रौढ व्यक्तींनी प्रबंधाचा गोषवारा वाचायचा आणि 'ही व्यक्ती कोण?' या प्रश्नाचं उत्तर लिहायचं. ओळख पटली नाही तर प्रबंध मंजूर. चौधरींच्या गोष्टी ऐकलेल्या माणसांना हा विषय आधीच ठाऊक होता, तेव्हा ती चालली नसती. म्हणून मैत्रेयीने शोधाशोध करून बॉन आणि कोलोनमधली आठ नवी मराठी माणसं जमवली. दोन कमी पडली, तेव्हा ओजस नावाचा मंडळाचा सचिव आणि बाबा यांना घ्यावं लागलं. दोघांनी चौधरी ऐकलेले होते, म्हणजे दोघं लगेच ओळखणार आणि चाचणी बुडणार, या धास्तीने मैत्रेयीने आदल्या दिवशी धड जेवणही केलं नाही.

शनिवारी सकाळी दहा जण संस्थेच्या सभागृहात बसले. चार मिनिटांत पहिला हात वर गेला. दहा मिनिटांत दहाही जणांनी उत्तरं लिहिली होती.

एकाही कागदावर चौधरींचं नाव नव्हतं. दहा कागदांवर महाराष्ट्रातल्या पाच वेगवेगळ्या आमदार-खासदारांची नावं होती, आणि प्रत्येकाने खाली 'खात्री: शंभर टक्के' असं लिहिलं होतं. ओजसने पानभर पुरावे दिले होते. बाबांनी, ज्यांना गेली वीस वर्षं मत दिलं त्या साहेबांचं नाव घातलं होतं. आणि ते चांगलेच संतापले होते. बाहेर येऊन त्यांनी मैत्रेयीला बाजूला घेतलं. साहेबांवर लिहायचं तर विचारायचं तरी होतंस, आणि सहा पक्ष कुठून आणलेस, साहेबांनी चारच बदलले, असं ते म्हणाले. मग त्यांनी दुरुस्ती केली, की बदलले म्हणजे विकासासाठी गेले, आणि एकदा तर गेलेही नाहीत, पक्षच सोबत घेऊन आले.

"बाबा, हा चौधरी आहे," मैत्रेयी म्हणाली.

"शक्यच नाही," बाबा म्हणाले. "तो तर लबाड माणूस आहे."

चाचणी पार पडली असं मैत्रेयीला वाटलं. ब्रिंकमान यांना तसं वाटलं नाही. त्यांच्या हिशेबाने अभ्यासात नसलेल्या पाच व्यक्तींची ओळख पटली होती, त्यांचं राजकीय मत उघड झालं होतं, आणि त्यांच्यापैकी एकानेही संमती दिलेली नव्हती. हा माहितीचा गंभीर अपघात होता. तो बहात्तर तासांच्या आत वरिष्ठ कार्यालयाला कळवणं बंधनकारक होतं. त्यांनी तो एकोणीस तासांत कळवला.

तोवर दहांपैकी कोणीतरी गोषवाऱ्याचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता आणि तो तिथून मायदेशी पोचला होता. पुढच्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या पाच गावांत पाच फलक लागले. पाचही फलकांवर साहेब वेगळे होते, मजकूर एकच होता: जर्मनीतील विद्यापीठात कारकिर्दीचा अभ्यास झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक म्हणून सत्तर-ऐंशी जणांचे फोटो. गोषवाऱ्यात काय लिहिलंय हे कोणी वाचलं नसावं, किंवा वाचलं असावं आणि आवडलं असावं.

फलकांची बातमी सीमेपलीकडे गेली आणि मग कोट नवाबादहून चौथं पत्र आलं. चौधरी करामत रसूल यांनी लिहिलं होतं, की त्यांची पस्तीस वर्षांची मेहनत शेजारी देशातल्या पाच होतकरू माणसांना वाटून टाकण्यात आली आहे. हा अन्याय असून, प्रबंधावर आपलं नाव, गाव आणि वांग्यासह सर्व चिन्हं तातडीने परत घालावीत. योगायोगाने हवामानावरच्या एका बैठकीसाठी ते बॉनला येतच होते.

ते आले तेव्हा संस्थेच्या कँटीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर मैत्रेयी बसली होती, आणि सोबत बाबा. आपण असल्या माणसाशी एक शब्द बोलणार नाही, असं बाबांनी येताना ट्राममध्ये दोनदा सांगितलं होतं. चौधरी उंच होते, बोलायला गोड होते. त्यांनी मैत्रेयीला बेटी म्हटलं, बाबांना भाईसाहब म्हटलं, आणि तिसऱ्या मिनिटाला बाबा पुणेरी हिंदीत कालव्याच्या पाण्याबद्दल बोलत होते. कोट नवाबादच्या कालव्याचं शेवटच्या गावाला पाणी पोचत नाही हे ऐकून बाबांचे डोळे चमकले. आपल्याकडेही पोचत नाही, त्यांनी अभिमानाने सांगितलं.

मग विषय साहेबांवर आला. चौधरी कसबी माणसाने दुसऱ्या कसबी माणसाचं काम न्याहाळावं तसे ऐकत होते. पहिल्या तीन पक्षांतरांवर त्यांनी फक्त मान हलवली. चौथ्यावर त्यांनी चमचा बशीत ठेवला.

"पक्ष सोडला नाही?" त्यांनी विचारलं. "पक्षच घेऊन गेले?"

"घेऊन गेले," बाबा म्हणाले.

"चिन्हासकट?"

"चिन्हासकट."

चौधरींनी चष्मा काढून रुमालाने पुसला. आमच्याकडे अजून हे आलेलं नाही, ते हळूच म्हणाले. मग त्यांनी कागद मागून घेतला आणि बाबांकडून टप्पे लिहून घेतले. नावं परत घालण्याची मागणी त्यांनी त्याच टेबलावर सोडून दिली. पाचातल्या एका साहेबासमोर आपण विद्यार्थी आहोत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मैत्रेयी हे सगळं पाहत होती आणि तिला आपली साडेतीन वर्षं थंड होणाऱ्या चहासारखी समोर दिसत होती. तिने शेवटी विचारलं, की एवढं करूनही लोक तुम्हाला मत का देतात?

चौधरींनी तिच्याकडे पहिल्यांदाच गंभीरपणे पाहिलं.

"बेटी, तू चुकीच्या माणसाचा अभ्यास केलास," ते म्हणाले. "मी फक्त उभा राहतो."

जाताना त्यांनी बाबांना मिठी मारली. दोघांचा फोटो काढायला मैत्रेयीलाच सांगण्यात आलं.

ते वाक्य मैत्रेयीने विटकॉप्फबाईंना सांगितलं. बाई खुर्चीतून उठल्या. त्याच दुपारी प्रबंधाचा रोख उमेदवारावरून मतदारावर वळला. ब्रिंकमान यांनाही ते पसंत पडलं. मतदार आपण होऊन बोलायला तयार असतात, संमती मागे घेत नाहीत आणि संख्येने इतके असतात की लपवणं सोपं जातं. हाताशी वेळ थोडा होता, म्हणून मुलाखतींसाठी ओळखचाचणीतलीच दहा माणसं पुन्हा बोलावण्यात आली. प्रत्येकाने वाचताना जे साहेब ओळखले होते, त्यांना आपण मत का देतो, एवढंच त्यांनी सांगायचं होतं.

सगळे मनापासून बोलले. आपण पक्ष बघत नाही, माणूस बघतो, असं सगळ्यांनी सांगितलं. आपलं काम एका फोनवर होतं. समोरचे तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहेत. आपलं एक मत गेल्याने असा काय फरक पडणार. राजकारणात हे असंच असतं, पण आपण स्वतः त्यात नसतो. बाबांची मुलाखत दोन तास चालली आणि त्यात त्यांनी लोकशाहीविषयी कळकळ व्यक्त केली. दहाही मुलाखती संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, तेव्हा त्याने त्यांपैकी नऊ या पहिलीचीच नक्कल आहेत असं समजून काढून टाकल्या. मैत्रेयीने त्या पुन्हा टाकल्या. सॉफ्टवेअरने पुन्हा काढल्या. शेवटी एकच मतदार उरला. त्याचं नाव तिने 'मतदार म' ठेवलं आणि त्याच्यावर एकशे चाळीस पानं लिहिली. ती पानं लिहिताना तिला रोज थोडी भीती वाटायची. बाबांना हे वाचून काय वाटेल, या विचाराने तिने दोन परिच्छेद खोडले आणि परत घातले.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, आईबाबांच्या परतीच्या विमानाआधी चार दिवस, दुसरी ओळखचाचणी झाली. वाचक तेच दहा, वाचायचा 'मतदार म'चा गोषवारा. ब्रिंकमान यांचा आग्रहच होता. ज्यांच्या बोलण्यावरून लिहिलंय त्यांना तरी ओळख पटते का, हे पाहायचं होतं. पटली असती तर मुदत गेली असती, परवाना गेला असता आणि दोन महिन्यांत मैत्रेयीही आईबाबांच्या मागोमाग परत गेली असती. ती सभागृहाच्या दारात उभी राहून बाबांकडे पाहत होती. बाबा चष्मा नाकावर ओढून, बोट ओळीवरून फिरवत, एकेक वाक्य वाचत होते. मध्येच त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग आठी गेली आणि ते हसायला लागले. शेजारी ओजसही हसत होता. बघता बघता आख्खं सभागृह हसत होतं. एकजण तर रुमाल शोधत होता.

या वेळी पाच मिनिटांत उत्तरं आली. दहाही कागदांवर एकच शब्द होता: पाकिस्तानी. खाली खात्री, शंभर टक्के.

ब्रिंकमान यांनी दहाही कागद उलटसुलट करून पाहिले, अहवालावर 'ओळख पटण्याचा धोका: शून्य' असं लिहिलं आणि शिक्का मारला. मैत्रेयीने भिंतीला पाठ टेकली. मुदतीत सगळं बसलं होतं.

बाबा बाहेर आले तेव्हा अजून हसूच पुसत होते. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"झकास लिहिलंयस," ते म्हणाले. "मला सांग, असल्या माणसांना मतदानाचा हक्क देतातच कसा गं तिकडे?"